१६० इनिंगचा हिशेब: वॉशिंग्टन नॅशनल्सचा २०१२ चा हंगाम

८ सप्टेंबर २०१२. अमेरिकी बेसबॉलचा नियमित हंगाम संपायला जेमतेम साडेतीन आठवडे उरलेले. वॉशिंग्टन नॅशनल्स आपल्या विभागात पहिल्या क्रमांकावर. त्या दिवशी मॅनेजर (म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक) डेव्ही जॉन्सन यांनी जाहीर केलं की संघाचा वेगवान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, स्टीफन स्ट्रासबर्ग या वर्षी आणखी एकही चेंडू टाकणार नाही, प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांतसुद्धा नाही. त्याला दुखापत झालेली नव्हती. वय २४, खात्यात १५ विजय. त्याच्यासाठी आखलेला साधारण १६० इनिंगचा कोटा (तीन गडी बाद झाले की एक इनिंग) मात्र संपला होता.

बेसबॉलमध्ये या निर्णयावर आजही दोन तट पडतात. 'करंटेपणा' म्हणणारे एका बाजूला, 'पोराचं करिअर वाचवलं' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. १६० हा आकडा धरून ठेवण्यात फारसं चुकलं नाही. चुकलं ते त्या १६० इनिंग कोणत्या महिन्यात खर्च करायच्या, हे ठरवण्यात. सगळं सार्वजनिक नोंदीत असल्यामुळे या प्रकरणात नावं झाकण्याची गरज नाही.

पार्श्वभूमी

माँट्रियल एक्सपोज हा कॅनडातला संघ २००५ मध्ये वॉशिंग्टनला आला आणि नॅशनल्स झाला. सुरुवातीची वर्षं अगदीच वाईट गेली. २००८ मध्ये १६२ सामन्यांच्या हंगामात १०२ पराभव झाले आणि २००९ मध्ये १०३. तळाला राहण्याचा एक फायदा असतो: पुढच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क मिळतो. २००९ मध्ये नॅशनल्सने त्या हक्कातून सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा स्ट्रासबर्ग घेतला. एजंट स्कॉट बोरास यांनी मुदत संपता संपता १ कोटी ५१ लाख डॉलरचा करार करून घेतला. ड्राफ्टमधल्या खेळाडूसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

८ जून २०१० ला तो पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अव्वल बेसबॉल स्पर्धेत उतरला. समोर पिट्सबर्ग पायरेट्स. सात इनिंग, १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस एकही नाही. ताशी शंभर मैलांच्या घरातला चेंडू आणि पाठोपाठ तशाच हातातून येणारा संथ चेंजअप, त्यामुळे फलंदाज आधीच बॅट फिरवून बसायचे.

ही मजा अडीच महिने टिकली. २१ ऑगस्टला फिलाडेल्फियात एक चेंजअप टाकल्यावर त्याने उजवा हात झटकला, चेहरा वाकडा केला आणि थोड्याच वेळात तो मैदानाबाहेर गेला. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला होता. ३ सप्टेंबरला डॉ. लुईस योकम यांनी 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया केली. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध, बहुधा मनगटाजवळचा, बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. परत यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. स्ट्रासबर्ग ६ सप्टेंबर २०११ ला परतला आणि त्या वर्षी जेमतेम २४ इनिंग टाकू शकला.

संघाच्या हाताशी स्वतःचाच एक अनुभव होता. जॉर्डन झिमरमन या दुसऱ्या तरुण पिचरवर २००९ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली होती. २०११ मध्ये, परतल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण हंगामात, नॅशनल्सने त्याला ऑगस्टअखेर १६१ इनिंगवर थांबवलं होतं. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, कारण संघ कुठल्याच शर्यतीत नव्हता.

शिवाय सगळ्यांच्या डोक्यात मार्क प्रायर हा पिचर होता. तोही सॅन डिएगोचाच. २००३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी शिकागो कब्जने त्याच्याकडून नियमित हंगामात २११ इनिंग टाकून घेतल्या, वर प्लेऑफचे सामने. पुढे एकामागून एक दुखापती झाल्या आणि २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. प्रायरचं नेमकं कशाने बिनसलं यावर वाद आहे. जनरल मॅनेजरच्या, म्हणजे संघबांधणी करणाऱ्या प्रमुखाच्या, खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र अशा उदाहरणाचा धाक वाटायला पुरावा लागत नाही.

फेब्रुवारीतला निर्णय

२०१२ च्या सरावशिबिराच्या वेळीच जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी धोरण स्पष्ट केलं: स्ट्रासबर्गला झिमरमनच्याच वाटेने न्यायचं. आकडा १६० च्या आसपासचा होता. पाच पिचरांच्या नेहमीच्या फेरीत तो एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी खेळेल, मध्ये खंड पडणार नाही आणि कोटा संपला की विषय संपला.

हिशेब साधा होता. सुरुवातीला उतरणारा पिचर नऊ इनिंगच्या सामन्यात साडेपाच-सहा इनिंग टाकतो. १६० ला त्याने भागलं की २७ ते २९ सामने होतात. पहिल्या दिवसापासून दर पाचव्या दिवशी उतरवलं तर हे सामने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तो नसणार, हे फेब्रुवारीतच कागदावर होतं. पण आदल्या वर्षी हा संघ ८० जिंकून ८१ हरलेला. ऑक्टोबरचा विचार करायचा कुणी? तेव्हाच्या माहितीवर निर्णय वावगा नव्हता. त्याखाली 'ऑक्टोबरमध्ये आपण खेळणार नाही' हे गृहीतक होतं, एवढंच. ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, म्हणून पुढे ते तपासायचंही कुणाला सुचलं नाही.

पेच

संघ जिंकत सुटला. गिओ गोन्झालेझ २१ विजयांकडे निघालेला, झिमरमन पूर्ण बरा होऊन खेळतोय, १९ वर्षांचा ब्राइस हार्पर पहिल्याच वर्षी गाजतोय. वॉशिंग्टन शहराने प्लेऑफ शेवटचा पाहिला होता तो १९३३ मध्ये. जुलै आला तरी नॅशनल्स पहिले, आणि मग रोजचा प्रश्न सुरू झाला: स्ट्रासबर्गचं काय?

प्रत्येकाचं हित वेगळं होतं. बोरास यांना कोपर जपायचं होतं, कारण पुढचा मोठा करार त्याच कोपरावर मिळणार होता. रिझो यांना स्वतःचा शब्द पाळायचा होता. जॉन्सन यांना, ६९ व्या वर्षी, आणखी एका विजेतेपदाची संधी दिसत होती. १९८६ चा विजेता न्यू यॉर्क मेट्स संघ त्यांनीच घडवलेला. ड्रेसिंग रूममधल्या तिशी ओलांडलेल्यांना अशी संधी पुन्हा येईल का याची खात्री नव्हती. खुद्द स्ट्रासबर्गला खेळायचं होतं आणि ते तो लपवत नव्हता. निर्णय त्याच्या हाताबद्दलचा होता, पण घेणाऱ्यांत तो नव्हता. मला या प्रकरणातली ही बाजू सर्वांत अवघड वाटते.

समोरचे पर्याय

मर्यादाच सोडून द्यायची, असं बाहेरचे बरेच माजी खेळाडू म्हणत होते. त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता. १५९ पर्यंत कोपर सुखरूप आणि १६१ ला धोका, असा कुठलाही शास्त्रीय उंबरठा नाही. इनिंग हे मोजमापही ढोबळ आहे: एका इनिंगमध्ये नऊ चेंडू पडू शकतात, नाहीतर पस्तीसही. पण उंबरठा माहीत नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. नव्या अस्थिबंधाचं पहिलं पूर्ण वर्ष जपायचं, यावर संघाचे डॉक्टर ठाम होते.

दुसरा पर्याय त्याच विभागात, नॅशनल्सच्या पाठीमागे धावणारा अटलांटा ब्रेव्ज अमलात आणत होता. त्यांच्या क्रिस मेडलेनवर २०१० मध्ये हीच शस्त्रक्रिया झालेली. ब्रेव्जने त्याला आधी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या फळीत ठेवलं आणि जुलैअखेरीस सुरुवातीच्या फेरीत आणलं. त्याने १३८ इनिंगमध्ये १० सामने जिंकले, एकच हरला, आणि ऑक्टोबरमध्येही हात मोकळा होता. नॅशनल्सला हे पटत नव्हतं. बुलपेनमध्ये आज खेळायचं की उद्या, हे आधी कळत नाही, शरीर घाईने तापवावं लागतं, आणि नुकत्याच जोडलेल्या कोपराला ठरावीक वेळापत्रक हवं, हे त्यांचं म्हणणं होतं. या म्हणण्यात दम होता. मेडलेनचा स्वभाव आणि गोलंदाजी वेगळी, स्ट्रासबर्गचा वेग वेगळा.

तिसरा पर्याय उन्हाळ्यात महिनाभर विश्रांती देऊन सप्टेंबरमध्ये परत आणण्याचा. रिझो यांनी तो उघडपणे फेटाळला: थांबवून पुन्हा सुरू करणं हेच जास्त धोक्याचं.

चौथा पर्याय सर्वांत कमी नाट्यमय, म्हणूनच बहुधा सर्वांत कमी चर्चेचा. दर दोन-तीन आठवड्यांनी त्याची एक पाळी वगळायची. पाचव्याऐवजी सहाव्या-सातव्या दिवशी उतरवायचं. कधी पाच इनिंगनंतर थांबवायचं. यात ना बुलपेन येतं, ना महिन्याचा खंड.

काय केलं

ठरलेलंच केलं. हंगामाच्या मध्यावर निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होतो, त्यातही तो एक इनिंग टाकून आला. जुलैअखेर खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपली, तेव्हा त्याच्या तोडीचा दुसरा पिचर आणला गेला नाही.

२ सप्टेंबरला तो सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध उतरला: सहा इनिंग, शून्य धावा. पाच दिवसांनी मायामीविरुद्ध मात्र तीन इनिंगमध्ये पाच धावा गेल्या. आणखी एक सामना बाकी होता, न्यू यॉर्कमधला. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉन्सन यांनी तोही रद्द केला. रोजच्या चर्चेने त्याचं लक्ष उडालंय, मग ताणायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मते हे कारण खरंही होतं आणि स्वतःच ओढवून घेतलेलंही. सहा महिने तारीख जवळ येताना दिसत राहिली तर त्याखाली खेळणाऱ्याचं मन खेळात राहील कसं?

अखेरचा हिशेब: २८ सामने, १५९ पूर्ण इनिंग आणि वर एक तृतीयांश (तीनपैकी एकच बाद), १९७ स्ट्राइकआउट, १५ विजय, ६ पराभव. त्याच्या जागी जॉन लॅनन आला.

ऑक्टोबर

नॅशनल्सने ९८ सामने जिंकले. त्या वर्षी मेजर लीगमध्ये त्यांच्याहून जास्त कुणीच जिंकले नाहीत. ब्रेव्ज चार सामन्यांनी मागे राहिले. पहिल्या फेरीत गाठ पडली ती कार्डिनल्सशी, आदल्या वर्षीच्या विजेत्यांशी. २०१२ मध्ये ८८ विजयांवर, वाइल्ड कार्डच्या मागच्या दाराने आलेल्यांशी.

पाच सामन्यांची मालिका. पहिला नॅशनल्सने ३-२ जिंकला, जरी गोन्झालेझने पाच इनिंगमध्ये सात जणांना फुकट बेस दिले होते. दुसऱ्यात झिमरमन तीन इनिंगच टिकला; ४-१२. तिसऱ्यात एडविन जॅक्सनवर पीट कोझ्माने तीन धावांचा होम रन मारला, ०-८. चौथ्यात रॉस डेटवायलरने बाजी सावरली आणि नवव्या इनिंगमध्ये जेसन वर्थने, त्या एकाच पाळीतल्या तेराव्या चेंडूवर, होम रन मारून २-१ ने सामना खिशात घातला.

पाचवा सामना १२ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये. तीन इनिंगनंतर नॅशनल्स ६-० पुढे. नवव्या इनिंगमध्ये अजून ७-५. दोन बाद, ड्रू स्टोरेनच्या हातात चेंडू. यादिएर मोलिना दोन स्ट्राइकवर (तिसऱ्याला बाद) असताना फुकट बेस घेऊन गेला, डेव्हिड फ्रीजही तसाच. एक चांगला चेंडू पडला असता तर मालिका संपली असती. मग डॅनियल डेस्काल्सोच्या फटक्यावर बरोबरी, कोझ्माच्या फटक्यावर ९-७. संपलं.

या सामन्यात सुरुवातीलाच सहा धावांचा मार खाणारा कार्डिनल्सचा पिचर होता अॅडम वेनराइट. त्याचीही टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली, २०११ च्या फेब्रुवारीत. तोही पहिल्याच पूर्ण हंगामात, पण त्याला कुणी थांबवलं नव्हतं. १९८ इनिंग टाकून तो इथे पोहोचला होता. वय ३१.

निकाल कसा वाचायचा

'स्ट्रासबर्ग असता तर जिंकलो असतो' हे वाक्य पाचव्या सामन्यापुरतं टिकत नाही. तो सामना सुरुवातीच्या पिचरने घालवला नाही. शेवटच्या तीन बादांपैकी एक कमी पडला. दुसरा आणि तिसरा सामना मात्र सुरुवातीलाच हातचा गेला, दोन्हींत मिळून २० धावा. स्ट्रासबर्ग पहिल्या सामन्यात उतरला असता तर बाकीचे सगळे एक घर मागे सरकले असते आणि कदाचित पाचवा सामना खेळावाच लागला नसता. कदाचित. याहून जास्त कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

पुढच्या वर्षांचं वाचनही सरळ नाही. २०१४ मध्ये त्याने २१५ इनिंग टाकल्या आणि २४२ स्ट्राइकआउट घेतले. २०१६ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार झाला, पण त्याच वर्षी कोपराजवळच्या दुखण्याने प्लेऑफ हुकला. २०१९ मध्ये नॅशनल्सने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या प्लेऑफमध्ये स्ट्रासबर्ग पाच सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि ह्यूस्टनमधल्या सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगपर्यंत खेळून मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. रिझो यांच्या बाजूचा याहून मोठा दाखला नाही. आणि लगेच त्यानंतर? साडेचोवीस कोटी डॉलरचा नवा करार, आणि त्या कराराखाली एकूण आठ सामने, ३१ इनिंग. या खेपेस कोपर नव्हे, मान आणि खांद्यामधल्या नसा दबण्याचा विकार. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला.

शेजारी मेडलेन ठेवून पाहा: जपून वापरलेला, ऑक्टोबरमध्ये खेळलेला, २०१४ मध्ये त्याच कोपराची दुसरी शस्त्रक्रिया. न्यू यॉर्क मेट्सचा मॅट हार्वी ठेवा: एजंट पुन्हा बोरास, २०१५ मध्ये १८० च्या मर्यादेवरून वाद, मर्यादा मोडली, प्लेऑफ धरून २१६ इनिंग, वर्ल्ड सिरीजपर्यंत मजल, पुढच्याच वर्षी नसांच्या त्याच विकाराची शस्त्रक्रिया. वेनराइट मात्र २०१३ मध्ये २४१ इनिंग टाकून मोकळा. चार पिचर, चार वाटा, आणि त्यातून नियम काढायचा म्हटलं तर हाती काही लागत नाही. म्हणून परिणामावरून निर्णयाचा न्याय करणं मला पटत नाही. निर्णय घेताना काय माहीत होतं आणि काय करता येत होतं, तेवढंच पाहावं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला सुटलेला क्षण मे-जूनचा. पगार एक तारखेपासून रोज सारखा खर्च करायचा आणि पंचवीस तारखेच्या लग्नाला हात हलवत जायचं, तसं हे झालं. संघ पहिल्या क्रमांकावर टिकतोय हे दिसल्याबरोबर फेब्रुवारीचा कागद पुन्हा काढायला हवा होता. आकडा बदलण्यासाठी नव्हे, वाटणी बदलण्यासाठी. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत मजल मारली तर एका पिचरच्या वाट्याला साधारण पाच सामने येतात, सहा इनिंग धरल्या तर ३० इनिंग. म्हणजे नियमित हंगामात १३० मध्ये भागवायचं. २८ ऐवजी २२-२३ सामने. मेपासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला दोन पाळ्या वगळल्या की झालं.

याला किंमत होती. ब्रेव्ज चारच सामने मागे होते, आणि स्ट्रासबर्गच्या कमी झालेल्या पाच-सहा पाळ्यांत एक-दोन विजय गेले असते. विभाग हातचा गेला असता तर विभाग न जिंकलेल्यांसाठीची, एकाच सामन्यावर टांगलेली वाइल्ड कार्डची परीक्षा द्यावी लागली असती. त्या परीक्षेत ब्रेव्ज बाद झाले, ते सर्वांनी पाहिलं. शिवाय डॉक्टरांनी सहाव्या-सातव्या दिवसाच्या लयीलाही हरकत घेतली असती, तर हा मार्ग तिथेच बंद. पण रिझो यांचा जाहीर युक्तिवाद महिनाभराच्या खंडाविरुद्ध होता. एखादी पाळी चुकवणं म्हणजे खंड नव्हे. पावसाने सामना रद्द झाला की प्रत्येक पिचरची पाळी तशीही पुढे जाते.

दुसरा मुद्दा तारखेचा. कोटा जाहीर केला, इथवर ठीक. पण 'संघ प्लेऑफमध्ये गेल्यास काय' ही ओळ त्यात आधीच हवी होती, स्ट्रासबर्गला समोर बसवून लिहिलेली. ती नसल्यामुळे पूर्ण उन्हाळा रोज नव्याने तोच वाद झाला.

आणि वगळलेल्या पाळीत टाकायचं कुणी, हा प्रश्न तर नव्हताच. जॉन लॅनन, जो २००९ आणि २०१० च्या हंगामांच्या पहिल्या दिवशी नॅशनल्सचा पहिला चेंडू टाकायला उतरला होता, तो २०१२ मध्ये ५० लाख डॉलर पगारावर सिरॅक्यूजच्या दुय्यम संघात बसून होता. संघाने त्याला जुलैत, एकाच दिवशी दोन सामने आले तेव्हा, एकदा बोलावलं, ऑगस्टमध्ये एकदा, आणि मग सप्टेंबरमध्ये स्ट्रासबर्गची जागा भरायला. त्या वर्षी मिळालेल्या सहा संधींपैकी चार त्याने जिंकून दिल्या. एप्रिलपासून तो एका फोनच्या अंतरावर होता.